बाबांचा व्यायाम आणि माझी तिसरी

आमच्या बाबांची भूक गेली आणि तिच्यापायी माझी शाळा गेली. ऐकून कोणाला हसू आलं तर खुशाल हसा. हल्ली मीही हसते, पण दातओठ खात.

बाबा ठाण्याच्या कचेरीत कारकून. दिवसभर मांडी घालून लिहायचं, घरी येऊन तक्क्याला टेकायचं आणि पानावर बसलं की अन्नावर वासना नाही म्हणून कुरकुरायचं. नौपाड्यातल्या वैद्यांनी नाडी पाहून सांगितलं, ‘‘काढे पुरे झाले. शेतावर जा, घाम गाळा.’’ शहाडजवळ नदीकाठी आमची भाताची जमीन होती. ती कुळं कसायची; बाबांनी ती बांधावरूनच पाहिलेली. पण वैद्यांचं बोलणं त्यांच्या डोक्यात असं काही बसलं, की ज्येष्ठातच रजा काढून त्यांनी अख्खं बिऱ्हाड उचललं.

मी तेव्हा मराठी तिसरीत होते. श्रावणात परीक्षा होती. पास झालीस तर धाकट्या मुलींना मुळाक्षरं शिकवायला तुलाच बसवीन, असं मास्तर म्हणाले होते. बाबा म्हणाले, ‘‘परीक्षेपर्यंत येऊच की परत.’’

लावणी सुरू झाली. रोपं लावायची ती वाकून, मागे मागे सरकत, हे शेंबडं पोरही जाणतं. बाबांना ते पटेना. पुरुषासारख्या पुरुषाने मागे सरायचं? ते धोतराचा काचा मारून पुढे पुढे निघाले आणि स्वतः लावलेली रोपं स्वतःच्याच पायांनी तुडवत पलीकडच्या बांधाला पोचले. जमिनीच्या मालकाला कुळं बोलणार काय? कुळाची बायको पदरात तोंड खुपसून हसली आणि मला म्हणाली, ‘‘तुजा बापूस काय करतंय गो?’’

‘‘व्यायाम,’’ मी म्हटलं.

‘‘मंग आमी काय करताव?’’



बाबा घरी गेले की ती बाई त्यांची सगळी ओळ नव्याने लावायची. सकाळी बाबांना रोपं ताठ उभी दिसायची. ‘‘पाहिलंस? हाताला गुण असावा लागतो,’’ ते आईला सांगायचे.

खोटं कशाला बोलू, भूक मात्र लागली. अशी लागली, की उठल्यावर भाकरी, दुपारी भात, दिवेलागणीला पुन्हा भाकरी. ती काही आभाळातून पडत नव्हती. आई भात कांडायची, मी जात्याला बसायचे, नदीचं पाणीही आम्हीच आणायचो. आई एकदा पुटपुटली, ‘‘इकडचा व्यायाम वाढला की आपलं काम वाढतं.’’ बाबांनी नेमकं ते ऐकलं. म्हणाले, ‘‘काम कसलं? तोही व्यायामच. तुम्ही भाग्यवान, तुमचा घरबसल्या होतो.’’ त्या दिवशी आईचं मुसळ जरा जोरात पडत होतं.

श्रावण लागला. बाबांनी रजा वाढवून घेतली होती. मी म्हटलं, ‘‘बाबा, माझी परीक्षा आहे. मला ठाण्याला मामाकडे नेऊन सोडा ना.’’

‘‘अगं, शाळेत बसून बसून पोरी पिवळ्या पडतात. इथे बघ कशी तरतरीत झालीस.’’

परीक्षा होऊन गेली. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. तेव्हाचा राग अजून गेलेला नाही.

भाद्रपदात ठाण्याला परतलो. बाबांची स्वारी आता शेतकामाचे गोडवे गात गावभर हिंडू लागली. चार शहाण्या मंडळींनी त्यांना व्याख्यानच द्यायला सांगितलं. पण शेतावरून निघताना बांध घालायच्या हौसेने धरलेल्या कुदळीने दोन्ही हातांना फोड आणले होते, लेखणी धरवेना. म्हणून मला बोलावणं आलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. घाम झाला, भूक झाली, आणि मग आलं, ‘मुलींना शाळेत कोंडून त्यांच्या प्रकृतीची माती करू नये.’ माझा हात थांबला.

‘‘लिही, लिही. ‘प्रकृती’ नीट लिही हं. त्यातला ‘कृ’ कसा काढायचा ते येतं ना?’’

येत होतं. मी लिहिलं. मग धीर करून म्हटलं, ‘‘बाबा, मला पुन्हा शाळेत घाला. परीक्षा पुढच्या वर्षी देईन.’’

त्यांनी कागद उचलला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि अगदी मनापासून, कौतुकाने म्हणाले, ‘‘इतकं सुरेख लिहितेस. आता आणखी शिकून काय करायचंय?’’