भाईंदरच्या पुलावरचं बेसूर वऱ्हाड

मीठ भरलेल्या बैलगाड्या पुलावर उभ्या केल्या, बैल सोडले आणि मी पुलाखाली बांधलेल्या माचावर वाक मोजणाऱ्या गेजचा काटा बघत बसलो. लढाईचा काळ होता. भाईंदरला रुळांवरून जाणाऱ्या त्या जुन्या लोखंडी पुलावरून लष्कराच्या लॉऱ्या सोडायच्या होत्या. पूल त्यांना पेलेल का, हे सांगायचं काम माझं. मी असिस्टंट इंजिनिअर.

वजन आलं की पुलाचा गर्डर, म्हणजे लोखंडी तुळई, जरासा वाकतो, उतरलं की सरळ होतो. याला डिफ्लेक्शन म्हणतात. गाड्या हलवल्या, काटा जागेवर आला.

"पास! सही कर," वरून माझे साहेब, दस्तूर, ओरडले.

"सर, रिव्हेट ढिले वाटतायत." रिव्हेट म्हणजे पुलाचं लोखंड जोडून धरणाऱ्या खिळी. घट्ट रिव्हेटवर हातोडी मारली की टण वाजतं. इथे खारा वारा आणि इंजिनाचा धूर यांनी लोखंड खाल्लं होतं. आवाज भद येत होता.

"डिकरा, काटा सांगतो ते लिही."

तेवढ्यात मोरव्याहून नवघरला निघालेलं वऱ्हाड पुलावर चढलं. पुढे उत्तनचा बँड. बरोबर मध्यावर मंडळी थांबली आणि नाचायला लागली. सगळ्यांचे पाय एका तालात पडले की पूल झोके घेतो. काटा थयथयाट करायला लागला. माझ्या डोक्यावर गंजाचे पापुद्रे पडले. वर पाहिलं तर साहेब हॅट धरून नवघरच्या दिशेनं पळत सुटलेले! खालून पॅसेंजर यायची वेळ झाली होती.

मी धापा टाकत वर गेलो. "बँड बंद करा!"

नवऱ्याचे मामा भडकले. "बंद? लगीन हाय का मयत?"

वाद घालायला वेळ नव्हता. मी बँडमास्तर फ्रान्सिसला गाठलं. "वाजवा, पण प्रत्येकानं वेगळं गाणं."

"साहेब, उद्यापासून आमाला कोन बोलावनार?"

"आणि पूल पडला तर?"

फ्रान्सिसनं खाली रूळ बघितले, छातीवर क्रूसाची खूण केली आणि कॉर्नेट तोंडाला लावला.

असा गोंधळ मी जन्मात ऐकला नाही. कुणाचे पाय कुणाशी जुळेनात. मंडळी कानांवर हात ठेवून भराभर पलीकडे गेली, नवरदेवाचा घोडा सगळ्यांच्या पुढे. मामा जाताना माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटले. ते ऐकू आलं नाही हे बरंच. पॅसेंजर शिट्टी मारत खालून निघून गेली.

पलीकडे नवरीकडच्यांनी वऱ्हाडातला पहिला पाहुणा म्हणून साहेबांना हार घातला होता. तो न काढताच त्यांनी हुकूम दिला, "रिव्हेट बदलेपर्यंत लॉऱ्या बंद."

हिशेबातलं वजन ठेवाल तिथे गप्प राहतं. खऱ्या वजनाला आनंद झाला की ते उड्या मारतं.