दाराची कडी

आमच्या केंद्रातल्या मावशीला सगळे मागून 'आठबोटी' म्हणायचे. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून गायब. वखारीत करवतीखाली गेली, असं ती सांगायची. बारा वर्षं फळ्या ओढलेली बाई, शंका कोण घेणार?

केंद्र म्हणजे जुन्या गोदामाच्या तीन खोल्या. सकाळी लहान मुलं, दुपारी बायकांचा शिवणवर्ग, मागच्या मैदानावर व्हॉलीबॉलच्या पोरी. मार खाऊन घराबाहेर पडलेली बाई लेकरांसकट इथेच यायची, कारण आसपासच्या दहा खेड्यांत दुसरी जागाच नव्हती. ही जागा मी भांडून मिळवली. घमेंड म्हणायची तर म्हणा.

कामाला लागली त्याच दिवशी मावशीनं स्क्रू ड्रायव्हर मागितला आणि तिन्ही खोल्यांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या. मी भडकले.

"हे काय सोंग, मावशी?"

"आतून कडी लागली की बाहेरचं जग मेलं, पोरी."

"आणि चोर शिरला तर?"

"नेईल काय? फुटके ठोकळे?"

मग चहाचा कप खाली ठेवून तिनं खरं सांगितलं. नवरा आधी कडी लावायचा, मग पट्टा काढायचा. शेजारी बाहेरून "दार उघड रे" म्हणत उभे. एकदा ती निसटून उंबऱ्यापर्यंत पोचली. त्यानं तिच्या हातावरच दार आपटलं. बोटं चौकटीत राहिली. "दहा माणसं होती बाहेर. सगळी भली. काय उपयोग?"

तरीही मी चुकलेच. खडीच्या खाणीवरच्या मुकादमाची बायको सहा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. जबडा मोडलेला, बोलणं हातवाऱ्यांनी. मागोमाग निरोप आला, दोघींना उभं चिरतो. माझं डोकं फिरलं. बाजारातून हातभर लोखंडी कडी आणली आणि मुलांच्या खोलीला आतून स्वतः स्क्रूनं बसवली.

मावशी म्हणाली, "पुढारीणबाई, कडी कुणाची असते माहितीये? आधी आत शिरेल त्याची."

"वखारीतली अक्कल वखारीत ठेव," मी म्हटलं. हे वाक्य मला अजून चावतं.

चौथ्या दिवशी भर दुपारी मुकादम आला. हातात कुदळीचा दांडा. शिवणवर्गाची बाई आडवी आली, तिच्या खांद्यावर पहिला घाव. मशीन उलटलं. मायलेकी मुलांच्या खोलीत होत्या. कडी लावायला बायको धावली, पण तिचा हात पोचायच्या आत तो आत घुसला आणि दार लोटून माझ्याच कडीला हात घातला.

मावशीनं मधल्या फटीत हात खुपसला.

त्यानं दार आपटलं. हाडाचा आवाज मी मैदानात ऐकला, खोटं नाही सांगत. पुन्हा आपटलं. ती ओरडली, पण हात काढला नाही. शिव्या देत होती, अशा की ट्रकवाले लाजतील. "आपट, मेल्या! बघू कोण आधी दमतं!" तिसऱ्यांदा आपटलं तोवर मी आणि सहा पोरी दारावर जाऊन आदळलो. दार उघडलं. दांडा माझ्या बरगडीत बसला, मी उचललेली लोखंडी खुर्ची त्याच्या तोंडावर. मग पोरी त्याच्यावर पडल्या. पोलीस येईपर्यंत आम्ही त्याला मारलं, मारायचं थांबवल्यावरही थोडं मारलं. लाज वाटत नाही.

मुलगी कपाटामागे होती. तिला ओरखडाही नव्हता.

दवाखान्यात मधलं बोट काढावं लागलं. डावा नाही, उजवाच हात का घातला, विचारलं तर म्हणाली, "त्याचं आधीच नुकसान झालेलं. चांगला कशाला वाया घालवू?"

आठवड्यानं ती हाताला बँडेज बांधून थेट केंद्रात आली. त्या दारासमोर स्टूल ओढून बसली.

"मावशी, घरी जा ना."

"स्क्रू ड्रायव्हर आण."

मी आणला. तिला धरता येईना, म्हणून मीच चालवू लागले. ती ओच्यात स्क्रू घेत होती. शेवटचा काही केल्या हलेना. माझ्या कपाळावरून घाम गळायला लागला.

"जोर लाव की," ती म्हणाली. "बसवताना बरा लावला होतास."