तीन बोटांपलीकडची बायको

त्या रफूवाल्यांना सगळी गल्ली नाकोबा म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चष्म्याचा नंबर वजा अठरा! काचा अशा जाड, की त्यांतून नाकोबांचे डोळे मुगाच्या दाण्याएवढे दिसत. पण कामाला बसले की ते चष्मा काढून ठेवत आणि फाटका कोट नाकाशी धरत. तीन बोटांवर लोकरीचा एकेक तंतू त्यांना दोरखंडासारखा दिसे. त्यापलीकडे मात्र नुसतं धुकं. समोर गुडघ्याला गुडघा लावून सुया ओवून देणारी बायकोही त्यात विरघळलेली. तिचा फक्त आवाज येई, आणि तो भरपूर येई.

मग मोतीबिंदू झाला. निळ्या कोटाला काळा धागा गेला, तेव्हा बायकोने त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मागचा पडदा पातळ आहे, म्हणून छातीठोकपणे सांगत नाही. पण नजर चांगली यावी. आत भिंग बसवताना नंबर आपण ठरवू शकतो. चष्म्याशिवाय लांबचं हवं की जवळचं?"

"जवळचं. तीन बोटांवरचं."

"इतकं जवळचं नको. फूटभरावरचं देते. लांबसाठी पातळ चष्मा लावा."

"फूटभरावरून रफू? त्यापेक्षा रस्त्यावर उभा राहूनच करतो की!" नाकोबांचा आवाज चिरकला. हाताला दुसरं काही येत नव्हतं.

"करा हो बाई," बायको म्हणाली. "लोकांचे कोट शिंकांतून तरी सुटतील."

आधी एक डोळा झाला. दुसरा होईपर्यंत जुन्या काचेतून बायको मूठभर दिसे आणि नव्या डोळ्याला चांगली धिप्पाड. "यातली बोलणारी कोणती?" नाकोबांनी विचारलं.

"दोघीही!"

दोन्ही डोळे झाले, बरे झाले, पण नाकोबा कामाला हात लावीनात. गिऱ्हाईक आलं की "उद्या". शेवटी बायकोने कात्री घेतली आणि स्वतःच्या एकुलत्या एक चांगल्या कोटाला मसुरीएवढं भोक पाडलं.

"अगं, वेड लागलं का?"

"बिघडला तर माझा बिघडेल. घ्या."

सवयीने कोट नाकाशी गेला. धुकं! हळूहळू लांब नेला, तसा धागा स्वच्छ झाला. दोरखंड नव्हे, साधा धागा. दोनदा विणलं, दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा बोटांना जुनी वाट सापडली. नवी सुई घ्यायला त्यांनी मान वर केली, आणि हात तसाच राहिला.

समोर, जराशी पुसट, बायको होती. डोळे बारीक केलेले, नाक तळहातात खुपसलेलं, ओठांत धागा. हुबेहूब नाकोबा!

"हे काय?"

ती दचकली. "दिसलं?"

"कधीपासून चाललंय?"

"लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून. तुम्हाला कुठे दिसत होतं!"

नाकोबा तिच्याकडे बघतच राहिले. "एवढं एकच तोंड करता येतं?"

"छे, पुष्कळ येतात." पण ती लाजली. काम पुरं झालं, तशी ती कोट घेऊन खिडकीशी गेली. बोट फिरवलं, उजेडात धरला, उलटा केला. "अहो, कुठे होतं हो भोक?"

नाकोबांना बसल्या जागेवरूनच ठाऊक होतं, एक धागा तिरका गेलाय. गिऱ्हाइकाच्या बापालाही कळला नसता.

"आण इकडे, उसवायचाय," ते म्हणाले. "आणि बस समोर. सुई ओवून दे. तोंडं करणं थांबवू नकोस."