आईसोबत फ्रान्सच्या देवळात, मुक्काम अमरावती

बी.ए. झाले (आमच्या घरातली पहिलीच) आणि कलेचा इतिहास शिकायला बडोद्याला जायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "तुही माय पाहून येईन काय असते ते. तिनं हो म्हटलं तं जा." म्हणून आम्ही मायलेकी तेल्हाऱ्याहून निघालो. अमरावतीच्या एका कॉलेजात जुन्या फ्रेंच निसर्गचित्रांच्या मोठ्या छापील प्रती लागल्या होत्या.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट. अकोल्याला गाडी बदलायची, मूर्तिजापूरपर्यंत खिडकी सोडायची नाही. अमरावतीत उतरताच दही-चटणीत बुडवलेला गिला वडा खाल्ला. तुम्हीही खा, पण पांढरे कपडे घालून नको.

प्रवेश मोफत. पहिल्याच चित्रात डोंगर, तळं आणि खांबांचं देऊळ. आईनं चपला काढल्या, पिशवीतून नारळ काढला. मीच घरी "देवळांची चित्रं" म्हटलं होतं आणि आई देवापुढे रिकाम्या हातानं जात नाही.

"मावशी, इथं नारळ नाही फोडायचा!" रखवालदार धावला.

"मंग कुठं फोडू?"

"हे चित्र आहे!"

"आमी घरी कॅलेंडरले हार घालतोच ना!"

मी समजावलं, "आई, हे देऊळ कुठंच नाही. झाडं, डोंगर पाहून काढले, देऊळ चित्रकारानं मनानं बांधलं. नुसत्या रानाला शिस्त यावी म्हणून."

"जे नाईच, ते शिकाले बडोद्याले दोन वर्षं?"

मी तिला पुढच्या चित्राकडे न्यायला लागले. पण आई पुढे सरकेना. देवळाच्या वाटेवर बोटभर उंचीची एक बाई होती.

"हे एकटीच?"

"एकटीच."

"मागून कोनी हाका मारून नाई राहिलं तिले," आई म्हणाली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली.  परतीच्या गाडीत मी, बडोदं हुकलंच असं धरून, अकोल्यापर्यंत बी.एड.च्या अर्जाचा विचार करत होते.

घरी बाबा जेवायला बसले होते. "काय पाह्यलं वं?"

"देऊळ. लय मोठं. पोरीले जाऊ द्या."

"कुठं आहे ते?"

"बडोद्याच्या तिकडंच."

"मंग काहून नाई? दर्शनबी होईन."

खरं तेच सांगावं, या मताची मी. तोंड उघडलंही. आईनं भाकरीची टोपली माझ्या हातात दिली, "बाबाले वाढ."

मी वाढलं. ज्या चित्रकारांनी नसलेली देवळं उभी केली, त्यांच्यापैकी एकालाही आईसारखं देवळाच्या गावाचं नाव सांगायची हिंमत झाली नव्हती.