पॅकिंगवाल्यांचं रक्त

डॉक्टर माझ्या दंडाला रबर बांधत होते. शेजारी उभे असलेले साहेब मराठीत म्हणाले, “यांना काय होतंय? पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्यावर वाढलेले लोक. विषसुद्धा पचतं यांना.” आणि हसले. कलकत्त्याजवळ, बजबजच्या त्या कारखान्यात मराठी कळणारे आम्ही दोघंच. म्हणजे ते फक्त मला ऐकवलं होतं. पुण्याहून बदलून आले त्या दिवशीच त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. मी मान खाली घातली. रक्त दिलं. त्या मानेची मला आजही चीड येते.

आम्ही कीटकनाशकाची पावडर पोत्यांत भरायचो. तोंडाला गमछा, बाकी काही नाही. तपासणीआधी पंधरा दिवस साहेबांनी आम्हाला बागेत गवत काढायला लावलं. तेवढ्यात रक्त साफ होईल, अशी त्यांची समजूत.

रिपोर्ट आला तेव्हा मला केबिनमध्ये बोलावलं. “तू आपला माणूस. गेटवर सगळ्यांना बंगालीत सांग, रक्त साफ आहे. हा शिक्क्याचा कागद दाखव, म्हणजे विश्वास बसेल. तुला पॅकिंगमधून काढून हलकं काम देतो.”

आपला माणूस. आमच्या रक्ताचा कागद वाचायची तसदी त्यांनी घेतलीच नव्हती. कागद इंग्रजीत होता. मी मॅट्रिक आहे; किती शिकलोय, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. जिन्यावर उभं राहून मी तो दोनदा वाचला. पावडर सगळ्यांच्या रक्तात होती. ती चरबीत साठते, वर्षानुवर्षं जात नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. माझे कामाचे कपडे रोज बायको धुवायची, आणि ती बाळाला अंगावर पाजत होती.

गेटवर पाळी सुटली होती. एकजण म्हणाला, “दादा, आमारटा पोडो.” माझं वाच. वाचलं. एकेकाचं नाव घेऊन वाचलं. अधिकाऱ्यांचंही रक्त घेतलं होतं; शेवटचं नाव साहेबांचं. ढेकणांसाठी ते पावडर घरी न्यायचे, गादीखाली टाकायचे. आपलं नाव ऐकून ते धावत आले, कानाशी कुजबुजले, “माझ्याही रक्तात?” मी बंगालीत उत्तर दिलं, सगळ्यांना कळेल असं: आहे, आमच्याइतकीच. तेवढं बंगाली त्यांनाही कळलं; चेहरा उतरला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी मला काढून टाकलं. कागद मी परत दिला नाही. साहेब तब्येतीचं कारण सांगून पुण्याला परत चाललेत म्हणे. जाऊ देत. खटला इथे भरणार, समन्स तिथे पोचेल. माफीनामा पाठवला तर फाडून टाकीन. मला त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं बघायचंय, आणि ते बघितल्याशिवाय मी मरणार नाही.