कवळीवाल्यांना मिळालेला दुजोरा

कवळीवाल्यांच्या बाथरूमच्या चौकटीत आळंबी उगवली तेव्हा त्यांना वाटलं, आपलं नशीब उघडलं. बायकोला वाटलं, चौकट सडली. दोघांचंही बरोबर होतं, पण त्या घरात दोघांचंही एकाच वेळी बरोबर असायची पद्धत नव्हती.

कवळीवाले म्हणजे दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर लोकांच्या हिरड्यांचे साचे पाठवत आणि हे घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यावर दात बसवत. निम्म्या गावाच्या हसण्यामागे यांचा हात होता. पण रस्त्यात भेटले तर कोणी ओळख देईल तर शपथ. कवळीवाल्याशी हसून बोलताना दिसणं म्हणजे आपल्या दातांचा आपणच बभ्रा करणं. चांगली चांगली माणसं त्यांना लांबून बघितलं की तोंड मिटून पलीकडच्या फुटपाथवर जात. आता माणसं आपल्याकडे बघू देत नाहीत म्हटल्यावर माणूस दुसरीकडे कुठेतरी बघणारच. मुलगी लग्न होऊन गेल्यावर हे भिंतींकडे बघायला लागले. भिंतीवर शेवाळ होतं, खिडकीत किडे होते, गटाराच्या कडेला नाव नसलेलं गवत होतं. आणि यातलं कोणीही पळून जात नव्हतं. किडे सोडले तर.

मोबाइलवर अशा लोकांचं एक मंडळ होतं. घराच्या आसपास जे काही आपोआप उगवलेलं किंवा उडत आलेलं दिसेल त्याचा फोटो टाकायचा, आपल्याला वाटतं ते नाव लिहायचं आणि वाट बघायची. दुसऱ्या कोणी दुजोरा दिला की हिरवी खूण मिळायची आणि नोंद पक्की व्हायची. नाही दिला तर ती ढिगात पडून राहायची. कवळीवाल्यांचं सगळं ढिगात होतं. जिन्यातला पतंग म्हणून त्यांनी जे टाकलं ते वाळकं पान निघालं. भिंतीवरचं दगडफूल म्हणून टाकलं त्याखाली कोणीतरी 'ऑइलपेंट, क्रीम कलर' असं लिहिलं, आणि त्याला मात्र पटापट दुजोरे मिळाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. बायकोने विचारलं तेव्हा दात दुखतोय म्हणाले.

त्यांना एक दुजोरा हवा होता. एकच. जगात कोणीतरी एकदा त्यांच्याकडे बघून 'बरोबर आहे' म्हणावं, एवढंच. आणि आता घरातल्या घरात, अंघोळीच्या जागेपासून हातभर अंतरावर, चौकटीच्या पायाशी तपकिरी टोप्यांचा एक झुबका वर येत होता. हे काही ऑइलपेंट नव्हतं.

आळंब्यांच्या बाबतीत मंडळात एका बाईंचा शब्द शेवटचा असे. कोणी कितीही देखणा फोटो टाको, त्या दोनच शब्द लिहीत: 'खालून दाखवा.' छत्रीखालचे पापुद्रे बघितल्याशिवाय त्या कोणाला नाव घेऊ देत नसत. सगळे त्यांना खालूनताई म्हणायचे. कवळीवाल्यांनाही त्यांनी तेच दोन शब्द लिहिले. पण टोप्या अजून मिटलेल्या होत्या. त्या उघडेपर्यंत थांबणं भाग होतं.

"शुक्रवारी ताई आणि भाऊजी येतायत," बायको म्हणाली. "शुक्रवारी सकाळी सुतार चौकट काढणार. तोवर काय ते ओळखून घ्या."

"आणि तोवर नाही उघडली तर?"

"तर ती चौकटीबरोबर जाईल. तुम्हालाही जायचं असेल तर सुताराला सांगते."

तिचंही काही चुकत नव्हतं. चौकट फुगल्यापासून दार लागत नव्हतं. आत कोणी आहे हे बाहेर कळावं म्हणून अंघोळ करताना गाणं म्हणावं लागे. बायको जुनी गाणी म्हणायची. कवळीवाल्यांना गाणं येत नसल्यामुळे ते पाढे म्हणत आणि एकोणतीसच्या पाढ्यात अडकले की अंघोळ लांबायची. शेजारच्या काकू एकदा हात धुवायला आत गेल्या आणि काय म्हणावं ते न सुचून मोठ्याने स्वतःचा पत्ता सांगत राहिल्या. अशा बाथरूममध्ये थोरल्या बहिणीला कोण कसं पाठवणार?

कवळीवाल्यांनी त्या आठवड्यात आळंबीची बाळंतिणीसारखी बडदास्त ठेवली. तिला दमट लागतं म्हणून खिडकी बंद केली. तिला धक्का लागू नये म्हणून बादली कोपऱ्यात गेली आणि अंघोळ करणारा भिंतीला चिकटला. वाफ जास्त हवी म्हणून ते बायकोच्या मागे लागले की तू आज पुन्हा एकदा अंघोळ कर.

"चाळीस वर्षांत मला कधी पाणी तापवून दिलं नाहीत," ती म्हणाली, "आणि आता बुरशीसाठी देताय." पण अंघोळ तिने केली.

शुक्रवारी सकाळी टोप्या उघडल्या आणि त्याच वेळी सुतार आला.

सुताराचा वरचा पुढचा दात नव्हता. कवळीवाल्यांची नजर आधी तिथेच गेली. "मी तुम्हाला फुकट दात बसवून देतो," ते म्हणाले, "फक्त मला एक फोटो काढू द्या." सुताराने हयातीत असा सौदा ऐकला नव्हता. तो हत्यारं खाली ठेवून स्टुलावर बसला.

कवळीवाले बाथरूमच्या फरशीवर उताणे झाले. आळंबी आणि फरशी यांच्यामध्ये मोबाइल शिरत नव्हता, म्हणून त्यांनी दात बघायचा, लांब दांडीचा छोटा आरसा आणला होता. तो आळंबीखाली सरकवायचा आणि आरशाचा फोटो काढायचा. त्यांनी आरसा तिरपा धरला आणि डॉक्टर म्हणतात तसं आपसूक म्हणाले, "जरा आ करा."

सुताराने स्टुलावर बसल्या बसल्या आ केला.

अडचण अशी झाली की आरसा, मोबाइल आणि बॅटरी या तीन वस्तू आणि हात दोनच. सुतार मदतीला उठला, पण त्याचं पोट दारातच अडलं. बायको हॉलमधून हे बघत होती. पाहुण्यांसाठी तिने ठेवणीतले कपडे घातले होते. तिने एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा नवऱ्याच्या पायांकडे, आणि आत आली.

"सरका तिकडे."

"अगं, फरशी ओली आहे."

"दिसतंय मला." ती शेजारी आडवी झाली आणि तिने बॅटरी घेतली. दोघांची डोकी एकमेकांना लागली. कवळीवाल्यांच्या छातीत धडधडायला लागलं. आळंबीमुळेच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

"थोडी खाली धर."

"धरलीय. आई गं, किती बारीक घड्या आहेत. कोणी बसून घातल्यात या?"

"कोणी नाही. आपोआप."

"आपल्या घरात आपोआप काहीच होत नाही," ती म्हणाली, आणि दोघं हसले. त्यांनी भराभर फोटो काढले.

बेल वाजली तेव्हा दार सुताराने उघडलं. ताईंना दिसलं ते असं: अनोळखी माणूस तोंड उघडं ठेवून उभा, आणि बाथरूममधून चार पाय बाहेर आलेले. ताईंनी किंकाळी फोडली. साडूभाऊ मदतीला धावले. ते भल्या मनाचे, अंगाने भारी, आणि पायात बूट. त्यांनी कवळीवाल्यांना काखेत हात घालून उचललं आणि जिथे पाय रोवायला जागा दिसली तिथे रोवला.

आळंबी नेमकी तिथेच होती.

साडूभाऊंना तर काय झालं तेही कळलं नाही, ते मेहुणीला हात देत होते. कवळीवाल्यांनी फरशीवरचा तपकिरी लगदा बघितला आणि पुढच्या खोलीत जाऊन साच्यांपुढे बसले. मागून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला. त्यांनी मोबाइलवरचे फोटो उघडले. कॅमेऱ्याने दगा दिला होता. प्रत्येक फोटोत आळंबी धूसर आणि आरशात हे दोघं स्वच्छ: केस ओले, तोंडं उघडी, बॅटरीच्या उजेडात डोळे लकाकणारे. त्यातल्या त्यात बरा एक त्यांनी पाठवून दिला, वाटत होतं ते आळंबीचं नाव लिहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला. हाही ढिगात जाणार होता.

जेवताना मोबाइल वाजला. मग पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला.

"बघा तरी," बायको म्हणाली.

"तूच बघ."

तिने बघितलं. खालूनताईंनी आज दोन शब्दांवर भागवलं नव्हतं. बायकोने वाचून दाखवलं: "आळंबी दिसत नाही. आरशात माणूस आहे. प्रौढ जोडी, तब्येत उत्तम. ओळखण्यात शंका नाही." त्याखाली दुजोऱ्यांची रांग लागली होती. नोंदीपुढे हिरवी खूण होती.

ताईंनी तोंडावर रुमाल धरला. कवळीवाल्यांना आधी कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मग त्यांनी मोबाइल हातात घेऊन तो शब्द पुन्हा वाचला. माणूस. ज्यांना त्यांनी कधी बघितलं नव्हतं अशा इतक्या लोकांनी तोंड न फिरवता त्यांच्याकडे बघितलं होतं आणि एकमताने ठरवलं होतं की हा माणूस आहे. त्यांना खूप बरं वाटत होतं.

"बरोबर लिहिलंय त्यांनी," बायको म्हणाली.

त्यांनी चमकून तिच्याकडे बघितलं. ती भात वाढत होती.

नोंद बंद करायच्या आधी मंडळाचा एक ठरलेला प्रश्न भरावा लागे: रानटी की पाळीव?

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"तुमचं पाळीव लिहा," ती म्हणाली. "माझं अजून ठरायचंय."