समारंभ नाही, असं मी सांगितलं

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. बी. ए. झाल्यावर विद्यापीठाचा एक छापील कागद आला. पदवी समारंभात येऊन घेणार की टपालाने मागवणार, त्यावर खूण करून तो परत पाठवायचा होता. खाली सूचना होती, मुलींनी पांढरी साडी नेसून यावे. हा कागद मी हौसेने बाबांना वाचून दाखवला आणि तिथेच घोळ झाला.

बाबा पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत लहानमोठी फळं निवडून वेगळी करायचे. त्यांची शाळा चौथीत सुटलेली. बुद्ध जयंती असो की कुणाचं लग्न, आमच्यात सगळं घर पांढऱ्या कपड्यांत निघतं आणि कुणाला वेगळं बोलावणं लागत नाही. विद्यापीठानेही पांढरंच सांगितलं म्हटल्यावर, कार्यक्रम आपल्यासारखाच असणार हे बाबांनी ठरवूनच टाकलं. आठ दिवसांत सौसरची आत्या, बोरगावचे काका, सावरगावचे मामा-मामी, सगळे तयार. आईने घरातलं होतं नव्हतं ते पांढरं कापड नीळ घालून दोरीवर टाकलं. बाबांनी नवा सदरा शिवला. दर वर्षी जुन्यावर भागवणारा माणूस तो.

"किती जण येऊन राहिले?" मी घाबरत विचारलं.

"चौदा. तुया आत्याच्या पोरींचं अजून पक्कं नाई."

कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, सोबत एकच पालक. हे सांगून मला तेरा जणांना थांबवता आलं असतं आणि बाबांना नेता आलं असतं. पण खरं सांगते, मला बाबाही नको होते. कॉलेजात मी कुठल्या वस्तीतून येते ते तीन वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. मैत्रिणी घराकडे यायचं म्हणाल्या की काहीतरी सबब काढायची. त्या दिवशी सफारी घातलेल्या वडिलांच्या रांगेत माझे बाबा बसणार, आणि भेटेल त्याला हात जोडून मोठ्याने 'जय भीम' म्हणणार. चार रात्री मला झोप नव्हती. पाचव्या दिवशी टपालाच्या चौकोनात खूण केली आणि कागद पेटीत टाकून आले.

"बाबा, औंदा कार्यक्रमच नाई होऊन राहिला. पदवी डाकेनं येईन."

"असं काहून?" एवढंच म्हणाले. मग सायकल काढली, सावरगावला जाऊन आले, सौसर-बोरगावला निरोप धाडला. सदरा आईने घडी करून ट्रंकेत ठेवला. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना आज लाज वाटते, पण वाटलं होतं.

पुढच्या महिन्यात एका दुपारी मी मंडीत बाबांचा डबा घेऊन गेले होते. बाबा फळांच्या ढिगाशी उकिडवे बसलेले. तेवढ्यात मागून माझ्या नावाची हाक आली. वर्गातली एक मुलगी होती, संत्री घ्यायला वडिलांबरोबर आलेली.

"अगं, तू समारंभाला का नाही आलीस? किती छान झाला! सगळ्यांचे आईवडील आले होते."

माझ्या हातात डबा तसाच. बाबांनी हातातलं संत्रं ढिगावर ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. त्या मुलीकडे बघून म्हणाले, "तिले लय ताप होता, बाई. तिच्या बापानंच नाई जाऊ देल्लं."

बाबा 'मी' असं नाही म्हणाले, 'तिच्या बापानं' म्हणाले. त्या एका क्षणात त्यांना सगळं कळलं होतं, समारंभाचंही आणि माझंही. मला हवं होतं तसं त्यांनी स्वतःला परकं करून टाकलं. 'हे माझे बाबा' एवढे तीन शब्द मला बोलायचे होते. मी डबा खाली ठेवला आणि मुलीबरोबर गप्पा मारत रस्त्यापर्यंत गेले.

घरी आल्यावर बाबांनी विषय काढला नाही. आईलाही सांगितलं नाही. जेवले, नेहमीसारखे कंदील पुसत बसले. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी विहारात वंदना होती. आमच्याकडे पंचशील बाबाच म्हणवून घ्यायचे. ते पुढे म्हणत आणि सगळी वस्ती मागून. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे बाबांचा आवाज थांबला. लोक वाट बघत बसले. कुणाला वाटलं ठसका लागला, कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला. बाबांनी मान खाली घातली, आणि चौथं न म्हणताच पाचवं सुरू केलं.

माझं खोटं बोलून झाल्याला तेव्हा चार-पाच रविवार उलटले होते. दर रविवारी मी सगळ्यांबरोबर चौथं शील म्हणत होते, आणि माझा आवाज एकदाही अडखळला नव्हता.